दोन सोडचिठ्ठ्या

किम्हे
रविवार, १२ नोव्हेंबर २०१७

भुती झोलिले,

पत्र बघून घाबरू नकोस, कुणी मेलेलं नाही. चॅटवर तुला काहीही लिहिलं की तू ते हात हलवणारं अस्वल पाठवतोस. मागच्या महिन्यात मी लिहिलं, 'बाथरूममध्ये बसून रडले.' अस्वल आलं. म्हणून आता कागद.

मला इथून निघायचंय.

कोरियात शिकवायला ये, मजा आहे, असं तूच म्हणाला होतास. तू सख्खा मावसभाऊ, वयानं मोठा, माझा भुती म्हणजे दादाच, म्हणून आईनंही लगेच हो म्हटलं. तू एका कंपनीतर्फे सरकारी शाळेत शाळा सुटल्यावरचे वर्ग घेतोस, मी खाजगी अकादमीत. तेव्हा म्हणालास, 'दोन्ही सारखंच गं.' सारखं? माझा दिवस ऐक.

नऊ चाळीसला बालवाडी. दोन वाजता ती पोरं जातात, अडीचला शाळेतली मोठी येतात, साडेसहापर्यंत. प्रत्येक वर्गात कॅमेरा. खाली स्वागतकक्षात टीव्ही, त्यावर आमचे नऊ वर्ग नऊ चौकोनांत, आणि समोर आया कॉफी पीत बसलेल्या. मी खुर्चीवर टेकले की दोन मिनिटांत इंटरकॉम वाजतो. प्यो बाई, म्हणजे आमची मालकीण. "बाबाल्वा टीचर, पाय दुखतात का?" एवढंच. किती प्रेमळ!

मंगळवारी रात्री मी घरून प्रत्येक मुलाला फोन करते, तीन मिनिटं इंग्रजी. बावीस मुलं. 'हाऊ आर यू?' 'फाइन.' मागून आईचं कुजबुजणं, 'अजून बोल, अजून बोल!'

परवा प्रगतिपुस्तकात लिहिलं, 'दो-ग्यॉमला अजून अक्षरं ओळखता येत नाहीत.' सात वर्षांचा आहे, गोड आहे, आणि त्याला अक्षरं ओळखता येत नाहीत. पुस्तक परत आलं. प्यो बाईंनी सुधारलेलं वाक्य: 'दो-ग्यॉम स्वतःच्या गतीनं फुलतो आहे.' कोबी आहे का तो?

आणि जिन्यात अजून त्या सोनेरी केसांच्या कॅनेडियन मुलीचा फोटो. ती दोन वर्षांपूर्वी गेली. माझा लावणार का विचारलं तर म्हणे प्रिंटर बिघडलाय. पालकांना मात्र सांगते, 'टीचर ईस्ट लंडनच्या.' खोटंही नाही ना रे! आपलं ईस्ट लंडन दक्षिण आफ्रिकेत आहे एवढंच ती सांगत नाही.

माझा करार ऑगस्टपर्यंत आहे आणि व्हिसा प्यो बाईच्या नावाला बांधलेला. तिनं सही करून सोडचिठ्ठी दिली तरच मला दुसरीकडे नोकरी घेता येते. नाहीतर सरळ घरी. लग्न न करता सोडचिठ्ठी मागायची वेळ आलीय. तुझ्या कंपनीकडे मार्चमध्ये जागा आहे का? खरं सांग.

बाबाल्वा


मोक्पो
२६ नोव्हेंबर २०१७

बाबाल्वा,

तुझं अक्षर अजून तसंच, कोंबडीनं उकरल्यासारखं. अस्वलाबद्दल माफी.

जागा आहे. मार्चपासून. मी कंपनीच्या मॅनेजरशी, को साहेबांशी बोललो, मावसबहीण आहे, पदवीधर आहे, एक वर्षाचा अनुभव होईल म्हटलं. खूश झाले. कुठल्या शाळेत ते नंतर कळेल, पण मोक्पोतच.

तू आताच समजून घे म्हणजे मग तुलना करत बसणार नाहीस. मी बारा पन्नासला शाळेत जातो. बूट कपाटात, पायात स्लिपर. एक ते पाच वर्ग. पहिली-दुसरीची पोरं आधी, मोठी नंतर. कॅमेरा नाही. इंटरकॉम नाही. काय शिकवायचं ते मी ठरवतो, गेल्या आठवड्यात नुसती भाज्यांची नावं आणि मारामारी केली. पाच दहाला मी समुद्राकाठी असतो. आया वर्षातून एकदा येतात, कागदावर 'समाधानी' की 'अतिशय समाधानी' त्यावर खूण करतात, जातात. कुणी मध्ये पडत नाही. कुणीच नाही.

आता मी सांगतो ते ऐक. तुमच्याकडे डिसेंबरात पालकांसमोर वर्ग घेतात ना, खुला वर्ग? तो झकास कर. मालकीण खूश असेल त्या संध्याकाळी पेअरची पेटी घेऊन जा, चांगली, कापडात गुंडाळलेली, आणि दोन्ही हातांनी दे. तेव्हा सोडचिठ्ठी माग. आरडाओरडा करू नकोस. तुझं तोंड तुझ्या आईवर गेलंय.

सही फेब्रुवारीच्या आत हवी. इथे शाळा मार्चला सुरू होते.

तुझा भुती
झोलिले


किम्हे
१७ डिसेंबर २०१७

भुती,

पेअर मी एकटीच खातेय. चौथा चालू आहे.

खुल्या वर्गाची इथली पद्धत तुला माहीत असेल. एकच धडा तीन आठवडे घोकायचा. 'इट इज अ पेंग्विन.' मुलं झोपेतही पेंग्विन म्हणत असतील. आणि प्यो बाईंचा नियम: प्रश्न विचारला की प्रत्येक मुलानं हात वर करायचा. प्रत्येकानं. येत असेल त्यानं उजवा, येत नसेल त्यानं डावा. मी फक्त उजव्या हातवाल्यांना उठवायचं. आयांना काय दिसतं? अख्खा वर्ग हात वर करतोय, सगळ्यांना सगळं येतंय.

तीन आठवडे मला बरोबर जमलं. शुक्रवारी चौदा आया मागच्या भिंतीला लागून उभ्या, चौदा मोबाईल वर, पुढे चौदा हात वर. मी पोरांच्या समोर तोंड करून. त्यांचा उजवा माझ्या डावीकडे. मोबाईलचे दिवे डोळ्यांत. आणि मी म्हटलं, "येस, दो-ग्यॉम!"

तो उठलाच नाही. माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मी त्याला शाळेबाहेर काढलंय. मग मोठ्यानं, स्वच्छ कोरियनमध्ये म्हणाला, "टीचर, मी तर डावा हात केला होता!"



मग शेजारची पोरगी, मदत म्हणून, "तो चुकून नाही, त्याचा नेहमीच डावा असतो."

एक आई हसली. बाकीच्यांनी मोबाईल खाली घेतले. एकेक मोबाईल खाली जाताना मी बघत होते. पेंग्विनचं चित्र हातात धरून उभी.

सहाला ऑफिसात बोलावलं. मी पेटी घेऊन गेले, मूर्खासारखी, दोन्ही हातांनी. प्यो बाईंनी पेटीकडे बघितलंसुद्धा नाही. "टीचर, तुम्ही माझी अकादमी नागडी केलीत." सोडचिठ्ठी? "ऑगस्टमध्ये." आणि त्याआधी चौदा आयांना माफीची पत्रं, हातानं, प्रत्येकीला वेगळी. 'माझ्या अननुभवामुळे मुलांचा गोंधळ झाला.' मुलांचा! मी म्हटलं, तिथे फक्त मुलांचाच गोंधळ झाला नव्हता. ती म्हणाली, "दार लावून घ्या."

मी लिहिणार नाही ती पत्रं. तुझ्या को साहेबांना सांग तिच्याशी बोलायला. कंपनीनं फोन केला तर ऐकेल कदाचित.

बाबाल्वा


मोक्पो
३ जानेवारी २०१८

बाबाल्वा,

पंचवीस वर्षांची घोडी झालीस आणि डावा-उजवा कळत नाही.

को फोन करणार नाही. कंपन्या एकमेकींच्या माणसांत हात घालत नाहीत. पत्रं लिही. चौदाच्या चौदा. मान खाली घाल, सुंदर अक्षरात लिही, वाटलं तर फुलं काढ. तत्त्व वगैरे ऑगस्टनंतर. तिला सही करायला लाव.

जागा जानेवारीअखेरपर्यंतच धरून ठेवतील. मी शब्द दिलाय. माझं नाक कापू नकोस.

लहान वर्गांच्या इंग्रजीबद्दल काहीतरी सरकारी बातम्या वाचशील. लक्ष देऊ नकोस. इथे रोज काहीतरी येतं.

घाई कर.

झोलिले


किम्हे
२१ जानेवारी २०१८

झोलिले,

भुती म्हणणार नाही आज.

तुझं ऐकलं. चौदा पत्रं लिहिली. अकरा संध्याकाळी गेल्या. दो-ग्यॉमच्या आईला लिहिताना हात थांबला, कारण हसलेली ती होती. तिला लिहिलं, 'तुमच्या मुलानं खरं सांगितलं, मी माफी मागते.' प्यो बाईंनी ते फाडलं. मी पुन्हा लिहिलं. आणि अठराला, गुरुवारी, तिनं सही केली. शिक्का मारला. कागद माझ्याकडे आहे, तांबडा गोल शिक्का, अजून शाईचा वास येतोय. मी नाचले माझ्या खोलीत, खालच्या म्हातारीनं झाडूनं छत ठोकलं.

मग मी को साहेबांना स्वतः फोन केला. आभार मानायला. हे तुला अपेक्षित नव्हतं ना?

किती छान इंग्रजी बोलतो तो. म्हणाला, "हो हो, झोलिलेच्या जागी."

मी म्हटलं, कुठल्या जागी?

"झोलिलेच्या शाळेत. त्यांचीच खोली." मार्चपासून पहिली-दुसरीला शाळेत इंग्रजी शिकवायचं नाही, कायदा आहे, काही वर्षं सूट होती ती फेब्रुवारीत संपते. म्हणजे निम्मे वर्ग गेले. निम्मा पगार. "पण तुम्ही तर एकट्या, तुमचा खर्च कमी." आणि मग म्हणाला, खरंच किती सहज म्हणाला, "झोलिलेनी बदली माणूस आणून दिला की आम्ही त्यांना सोडचिठ्ठी देणार आहोत. त्यांना ग्वांगजूला अकादमी मिळाली आहे ना."

अकादमी!

म्हणजे तू मला अकादमीतून काढून तुझ्या अर्ध्या नोकरीत कोंबत होतास, आणि स्वतः अकादमीत चालला होतास. तुझी सोडचिठ्ठी मी. मी त्या आयांसमोर चौदा वेळा वाकले ती तुझ्या सहीसाठी.

'कुणी मध्ये पडत नाही, कुणीच नाही.' समुद्र. भाज्यांची नावं. तू कधीपासून ठरवलं होतंस? मी पहिलं पत्र लिहिलं तेव्हाच ना? मी 'रडले' लिहिलं आणि तुला माणूस सापडला!

एकदा तरी सरळ सांग.

बाबाल्वा


मोक्पो
२८ जानेवारी २०१८

बाबाल्वा,

तीन पत्रं फाडली. हे चौथं. को तुझ्याशी इतकं बोलेल असं मला वाटलं नव्हतं. माझ्याशी तो दोन वाक्यांच्या वर बोलत नाही.

हो. पहिल्या पत्राच्या आधीच. ऑक्टोबरात कळलं. को साहेबांनी नाही सांगितलं. शाळेनंही नाही. माझ्या आधी त्या खोलीत कागदी घड्यांचा वर्ग होतो, त्या बाईंनी सांगितलं, 'टीचर, तुमची छोटी पोरं जाणार म्हणे.' मी मुख्याध्यापकांकडे गेलो. म्हणाले, तुम्ही आमचे नाही, कंपनीला विचारा. कंपनी म्हणाली, आम्ही काय करणार, कायदा आहे. कायद्याचं ऑफिस कुठे असतं ग? कुणाच्या टेबलावर हात आपटायचा?

तू म्हणतेस कुणी मध्ये पडत नाही असं मी खोटं लिहिलं. ते खरं आहे. अगदी खरं. दीड वर्ष झालं, मी त्या शाळेत आहे हे शाळेला माहीतच नाही. शिक्षकांच्या यादीत नाव नाही म्हणून जेवणघरात ताट नाही, मी वर्गात बसून किंबाप, भाताची गुंडाळी, खातो. मागे वर्गशिक्षिका बसलेली असते, खोली तिची आहे, ती वह्या तपासते. मी भाज्यांची नावं घेत असतो. एकदा मला चक्कर आली, खाली बसलो, तिनं वर बघितलं नाही. तू टेकलीस की इंटरकॉम वाजतो. मला एकदा तरी वाजायला हवा होता.

म्हणून ग्वांगजू. कॅमेरा असेल तर असू दे, निदान कुणी बघेल तरी, असं वाटलं.

मी तुला विकलं नाही असं लिहिणार होतो. विकलंच. माझं मन मला सांगत होतं की तिकडून इकडे आलीस तर तू सुखी होशील, आणि मी ते मनाला सांगू दिलं.

येऊ नकोस. मी मार्चमध्ये काहीतरी बघतो.

झोलिले


किम्हे
११ फेब्रुवारी २०१८

झोलिले,

मी अजून रागावलेली आहे. ते आधी लिहिते, म्हणजे पुढचं वाचून तुला वाटायला नको की सगळं विसरले.

दो-ग्यॉमची आई सोमवारी खाली भेटली. मी तोंड चुकवत होते. ती म्हणाली, घरी गेल्यावर तिनं त्याला विचारलं, 'बाळा, तुला खरंच येत नाही?' तो म्हणाला, 'कुणी विचारलंच नाही.' तेव्हापासून ती रोज संध्याकाळी त्याच्यासोबत बसते. बारा अक्षरं झाली. मला म्हणाली, तुम्ही मुद्दाम केलंत ना? मी म्हटलं, नाही हो, चूक झाली. ती पुन्हा हसली. मला इतका राग आला! एक चांगली गोष्ट केली, तीही चुकून.

मग मी वर गेले आणि प्यो बाईंना तो कागद परत दिला. म्हटलं, ऑगस्टपर्यंत आहे. ती म्हणाली, "का?" मी म्हटलं, मार्चच्या खुल्या वर्गात ज्याला येत नाही तो हात खाली ठेवणार. ती म्हणाली, नाही. मी म्हटलं, बघू. ती ओरडली. मी ओरडले. बारा मिनिटं. भुती, बरं वाटलं रे! इथे निदान समोर एक माणूस आहे, तिला तोंड आहे, ती लाल होते. तुझ्याकडे भांडायलाही कुणी नाही. तुझी खोली मला नको.

पण तू तिथे सडावंस असंही मला नको. सोबत को साहेबांसाठी पत्र आहे, माझ्या सहीचं: एक मार्चपासून रुजू होते. आधी त्याच्याकडून तुझी सोडचिठ्ठी हातात घे. मग हे दे. मी अर्थातच येणार नाही. आणि ते त्याला मी कळवणार नाही. तू सांगायचंस, तोंडावर. चाल माझी, पण बोलायचं तू.

तेव्हापासून प्यो बाई बोलत नाही. मस्त चाललंय.

बाबाल्वा


मोक्पो
२२ फेब्रुवारी २०१८

बाबाल्वा,

इथल्या चांद्र नववर्षाच्या सुट्टीनंतर काल को साहेबांकडे गेलो. त्यानं माझा कागद तयार ठेवला होता. सही झालेली, टेबलावर, माझ्या बाजूला तोंड करून. तुझं पत्र माझ्या खिशात.

त्यानं विचारलं, "बहीण नक्की येणार ना?"

एवढंच होतं. हो म्हणायचं होतं. तुझी सही होती, तुझी चाल होती, मला फक्त मान हलवायची होती. दीड वर्ष मी त्या माणसासमोर मानच हलवतोय.

मी म्हटलं, "नाही येणार. तिला मी खोटं सांगितलं होतं. अर्ध्या नोकरीबद्दल तुम्हीही मला सांगितलं नव्हतं. मला घड्यांच्या वर्गाच्या बाईंकडून कळलं."

त्यानं कागद ओढून घेतला. हळू, दोन बोटांनी. म्हणाला, मग ऑगस्टपर्यंत थांबा. ग्वांगजूला कळवून टाका.

म्हणजे मी इथेच. तिसरी ते सहावी, चौदा मुलं, निम्मे पैसे. तुझं पत्र मी दिलं नाही. तुला वेड्यासारखं वाटेल. तू एवढं केलंस आणि मी दारात येऊन सांडलं. शिव्या घाल, चालतील. पण तुझं खोटं माझ्या हातून द्यायला हात पुढे जाईना.

मग त्यानं फाईल बंद केली, पेन खिशाला लावलं आणि विचारलं, "झोलिले सर, तुम्ही रागावला आहात का?"

मी म्हटलं, हो.

तो वाट बघत बसला, मी उठून जाईन म्हणून. मी उठलो नाही.

झोलिले